गुन्हा आठवड्याचा, नाती वीस वर्षांची

(लातूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

अभ्यासवर्गात सहकार, पीकविमा, कंत्राटी कामगार असे विषय असताना त्यांच्या पंक्तीला दूरचित्रवाणीवरील एक पोलिसी मालिका कशी येऊन बसली, असा प्रश्न आपल्यापैकी काहींना पडला असेल. अर्थशास्त्र शिकविण्यात ज्याची हयात गेली त्याने या विषयावर बोलावे, याचेही नवल वाटले असेल. माझे उत्तर साधे आहे. आपण ज्या माणसांत काम करतो ती आपली भाषणे वर्षातून दोनदा ऐकतात; ‘सी. आय. डी.’ ही मालिका त्यांपैकी अनेकांनी वर्षानुवर्षे पाहिली. पोलीस म्हणजे कोण, कायदा कसा चालतो, निर्दोष माणसाला कोण वाचविते, याविषयीच्या त्यांच्या कल्पना घडविण्यात आपल्या पुस्तिकांपेक्षा या मालिकेचा वाटा मोठा असेल, तर तिचा विचार टाळणे आपल्याला परवडणारे नाही.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. ही मालिका २१ जानेवारी १९९८ रोजी सोनी वाहिनीवर सुरू झाली आणि २७ ऑक्टोबर २०१८ पर्यंत चालली. तिचे दीड हजारांहून अधिक भाग झाले. बी. पी. सिंग हे तिचे जनक. मालिका हिंदी असली तरी तिचे एक मूळ मराठीत आहे. पोलिसांच्या दूरध्वनी क्रमांकाचे नाव धारण करणारी ‘एक शून्य शून्य’ ही मराठी मालिका सिंग यांनीच मुंबई दूरदर्शनसाठी केली होती आणि शिवाजी साटम तीत पोलीस अधिकारी होते. सेंट्रल बँकेत नोकरी करीत असताना रंगभूमीवर आलेला हा बँक कर्मचारी पुढे ए. सी. पी. प्रद्युम्न झाला, आणि साऱ्या देशाने त्याला त्याच नावाने ओळखले.

या मालिकेत दोन गोष्टी एकाच वेळी चालतात. पहिली गुन्ह्याची. तो बहुधा एका भागात, फार तर दोन-तीन भागांत उलगडतो आणि संपतो. दुसरी गोष्ट माणसांच्या परस्परसंबंधांची. ती संपत नाही. हळूहळू सरकत राहते. कोणत्याही प्रेक्षकाला विचारा, अमुक वर्षीचा अमुक खून कोणी केला होता? त्याला सांगता येणार नाही. दया आणि अभिजित यांचे एकमेकांशी कसे आहे, हे मात्र तो न अडखळता सांगेल. गुन्हा आठवड्याचा होता आणि नाती वीस वर्षांची होती. म्हणून या मालिकेचा खरा आशय गुन्ह्यात शोधू नये, या नात्यांत शोधावा, असे मला वाटते.

आरंभीच्या भागांत हे संबंध कचेरीतले आहेत. वरिष्ठ हुकूम देतो, कनिष्ठ तो पाळतो. आशुतोष गोवारीकर यांचा वीरेंद्र किंवा अश्विनी काळसेकर यांची आशा ही पात्रे अधिकारी म्हणून येतात आणि अधिकारी म्हणूनच जातात; त्यांच्या जाण्याने घर मोडल्यासारखे होत नाही. पुढे अभिजित आला. त्याची स्मृती गेल्याचे, त्याचा भूतकाळ संशयास्पद असल्याचे कथानक आले, आणि तेथे मालिकेने एक वळण घेतले. आपल्या सहकाऱ्यावर विश्वास ठेवायचा तो पुराव्यावरून की ओळखीवरून, हा प्रश्न दयापुढे उभा राहिला. दोघांतली जवळीक जशी वाढत गेली तसे त्याचे उत्तरही ठरत गेले. हुद्द्याने बरोबरीचे असलेले हे दोघे काही वर्षांत भावाभावांसारखे झाले.

प्रद्युम्नचेही तेच. त्याचा मुलगा नकुल गुन्हेगारीच्या वाटेला गेला आणि बापाच्याच हातून मारला गेला. कर्तव्यापायी पोटच्या पोराला मुकलेला हा माणूस त्यानंतर हाताखालच्या साऱ्यांचा बाप झाला. प्रयोगशाळेतले डॉक्टर साळुंखे आणि प्रद्युम्न यांची कुरबूर सुरुवातीला अहवालाच्या वेळेवरून होती. ती दोन जुन्या मित्रांची थट्टामस्करी बनली. फ्रेडरिक्स हा घाबरट, बायकोला वचकून असणारा, साऱ्यांनी चिडवावे असा धाकटा काका झाला. ती भूमिका करणारे दिनेश फडणीस डिसेंबर २०२३ मध्ये निवर्तले, तेव्हा कित्येकांना घरचे माणूस गेल्यासारखे वाटले. डॉक्टर तारिका आणि अभिजित, श्रेया आणि दया यांच्यात ओढ निर्माण झाली. पण ती मांडवापर्यंत पोचली नाही. स्त्री अधिकारी येत राहिल्या व जात राहिल्या. मधला गाभा पुरुषांचाच राहिला. कचेरीचे असे कुटुंब झाले, आणि तेही एकत्र कुटुंब, ज्याचा कर्ता एकच.

हे असे का झाले? येथे अर्थशास्त्र उपयोगी पडते.

मालिका हा मालच आहे, आणि त्याचा खरेदीदार प्रेक्षक नसून जाहिरातदार आहे. दूरदर्शनने १ जानेवारी १९७६ पासून जाहिराती घ्यायला सुरुवात केली, १९८४ साली ‘हम लोग’ प्रायोजकाच्या पैशावर उभी राहिली, आणि नव्वदीच्या दशकात खाजगी वाहिन्या आल्या तेव्हा हा व्यवहार पूर्ण झाला. जाहिरातदाराला हमी हवी असते की गेल्या आठवड्याचा प्रेक्षक पुढल्या आठवड्यातही येईल. नव्या गुन्ह्याने कुतूहल निर्माण होते, पण कुतूहलाची हमी नसते. हमी असते ती ओळखीच्या माणसांची. म्हणून पात्रे टिकली पाहिजेत आणि त्यांच्यात जिव्हाळा वाढला पाहिजे.

परंतु हा जिव्हाळा वाढविताना त्यांची परिस्थिती मात्र बदलता कामा नये, अशी दुसरी अट आहे. आपल्या मराठवाड्यात भारनियमनाच्या वर्षांत रात्री वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसे. चार भाग हुकलेल्या प्रेक्षकाला पाचव्या भागात दया तोच, प्रद्युम्न तोच, कचेरी तीच दिसली पाहिजे. शिवाय जुने भाग पुन्हापुन्हा, कोणत्याही क्रमाने दाखवायचे असतात. त्यांची विक्री वर्षानुवर्षे चालते. अभिजितचे लग्न लावले की दोन वर्षांनी पाळणा हलवावा लागणार, आणि जुने व नवे भाग एकमेकांशी विसंगत होणार. म्हणून कोणाचे लग्न नाही, कोणाला बढती नाही, बदली नाही, निवृत्ती नाही. भावना बदलते, पण स्थिती बदलत नाही. दीर्घ मालिकेतील नात्यांचा हा अर्थशास्त्रीय नियम म्हणावयास हरकत नाही.

आता या पडद्यावरच्या कुटुंबाशेजारी आपल्याकडचे पोलीस ठाणे ठेवून पाहा. नांदेड किंवा लातूर येथे पोलीस आयुक्तालय नाही, म्हणजे ए. सी. पी. हा हुद्दाच येथे नाही. येथे पोलीस अधीक्षक, उपविभागीय अधिकारी, ठाणेदार, स्थानिक गुन्हे शाखा आणि त्या उतरंडीच्या तळाशी शिपाई. राज्याच्या खऱ्या गुन्हे अन्वेषण विभागाचे मुख्यालय पुण्याला आहे. नांदेडला न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे, पण तिचा अहवाल साळुंख्यांप्रमाणे चहा निवायच्या आत मिळत नाही. व्हिसेरा राखून ठेवला म्हणजे नातेवाइकांच्या खेपा सुरू होतात. अधिकाऱ्यांच्या बदल्या तर इतक्या सहज होत की, २००६ साली प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला ठाणेदारापासून पोलीस महासंचालकापर्यंत किमान दोन वर्षांची मुदत बांधून द्यावी लागली. वीस वर्षे एका खुर्चीवर राहिलेला प्रद्युम्न आणि दोन वर्षांच्या हमीसाठी न्यायालयाकडे पाहणारी पोलीसव्यवस्था, या दोहोंतले अंतर लक्षात घ्या.

आणखी एक गोष्ट. त्या पडद्यावर शिपायाला नाव नसते. तो दाराशी उभा असतो, प्रेत उचलतो, सलाम करतो. खाकीतल्या श्रमिकाचा इतिहास मात्र निराळा आहे. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईच्या पोलीस शिपायांचा असंतोष रस्त्यावर आला, सरकारने त्यांच्या संघटनेची मान्यता काढून घेतली आणि सैन्य बोलाविले. तास, पगार, वसाहतीतल्या खोल्या, साहेबाच्या घरची कामे, हे त्यामागचे प्रश्न होते. मालिकेत ते येत नाहीत. कारण कुटुंबात कोणी पगाराचे बोलत नाही. गिरण्यांच्या काळातला मालकही मजुरीचा विषय निघाला की ‘आपण सारे एकाच घरातले’ असे म्हणत असे, हे येथील जुन्या कार्यकर्त्यांना सांगायला नको. श्रमाच्या नात्याला रक्ताच्या नात्याचे नाव दिले की हिशेब मागणे कृतघ्नपणाचे ठरते.

याचा अर्थ मालिकेत चांगले काही नाही असा नव्हे. एका गोष्टीसाठी तिला श्रेय दिले पाहिजे. प्रद्युम्न, दया, अभिजित यांना मालिका हाक मारते ती नुसत्या नावाने. आडनावाला तीत काम नाही. जेथे नव्या माणसाला पहिला प्रश्न आडनावाचा विचारला जातो, जेथे १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे विद्यापीठाच्या नामांतरासाठी माणसांनी लाठ्या खाल्ल्या, घरे जळताना पाहिली, तेथे आडनावावाचून चालणारी, फ्रेडरिक्ससह एका ताटात जेवणारी ही मंडळी लोकांना आवडावीत, यात एक निरोगी इच्छा आहे. ज्या कचेरीत कोण कोणत्या जातीचा हे विचारले जात नाही अशी कचेरी असावी, ही ती इच्छा. तिची टिंगल आपण करू नये. इतकेच लक्षात ठेवावे की आडनाव गाळल्याने जातीचा प्रश्न सुटत नाही. तो कथेबाहेर राहतो.

मराठवाड्याच्या संदर्भात या कौटुंबिक पोलिसाचे नवल अधिक आहे. निजामाच्या राज्यात ठाण्याच्या प्रमुखाला अमीन म्हणत. अमीनसाहेबाचा घोडा गावात शिरला की बायकामाणसे दारे लावून घेत, असे आमच्या आधीची पिढी सांगे. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण मुक्त झालो. पण त्या घटनेलाही आपल्या बोलीत नाव पडले ते ‘पोलीस अ‍ॅक्शन’. पोलीस हा शब्द येथे भय आणि सुटका या दोन्ही अर्थांनी रुजला. ज्याला पाहून दार लावायचे त्या अमीनापासून, ज्याने दार तोडले की टाळ्या वाजवायच्या त्या दयापर्यंत आपण येऊन पोचलो. हे अंतर कशाने कापले गेले? ठाण्याचा कारभार सुधारल्याने थोडे. पडद्यावरच्या ओळखीने बरेच.

आणि येथे माझा मुख्य मुद्दा येतो. माणूस आपला झाला की त्याच्या कृतीला आपण वेगळे माप लावतो. अनोळखी पोलिसाने संशयिताच्या मुस्काटात मारली तर आपल्याला ती मारहाण दिसते. दयाने मारली तर आपण हसतो, कारण दया आपला आहे, आणि आपल्या माणसाला खरे काय ते ठाऊक असते. परवान्यावाचून दार तोडले जाते, वकिलाचा पत्ता नसतो, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करण्याचा प्रश्न निघत नाही. शेवटी आरोपी साऱ्या पथकासमोर गुन्हा कबूल करतो, प्रद्युम्न त्याला फाशीची खात्री देतो आणि भाग संपतो. मित्रहो, ज्या कबुलीवर हा सारा डोलारा उभा आहे ती कायद्याने आरोपीविरुद्ध पुरावाच नव्हे. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येणार नाही, असे १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम २५ सांगत होते. तो कायदा इंग्रजांनी केला. आपल्याच पोलिसावर त्यांचा एवढाही विश्वास नव्हता. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यातही कलम २३ ने ही तरतूद कायम ठेवली. १९९६ साली डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटकेचे नियम घालून दिले: अटकेचा पंचनामा, नातेवाइकांना खबर, वैद्यकीय तपासणी. वीस वर्षे मालिका पाहिलेल्या माणसाला साळुंख्यांच्या प्रयोगशाळेतली बाटली न् बाटली ओळखू येते, पण अटकेच्या वेळी आपला हक्क काय, हे सांगता येत नाही.

हा प्रकार आपल्याकडेच झाला असे नाही. इंग्लंडमध्ये बी. बी. सी. वर ‘डिक्सन ऑफ डॉक ग्रीन’ ही मालिका १९५५ पासून १९७६ पर्यंत, म्हणजे एकवीस वर्षे चालली. जॉर्ज डिक्सन हा वस्तीतल्या साऱ्यांचा काका वाटावा असा शिपाई. गंमत अशी की, १९५० च्या ज्या चित्रपटात हे पात्र प्रथम आले त्यात ते गोळी लागून मरते. लोकांच्या प्रेमापोटी पाच वर्षांनी त्याला मालिकेत जिवंत करावे लागले. मालिका संपली तेव्हा ती भूमिका करणारे जॅक वॉर्नर ऐंशी वर्षांचे होते. उलट, अमेरिकेत १९८१ साली सुरू झालेल्या ‘हिल स्ट्रीट ब्लूज’ने दुसरा मार्ग धरला. तेथे पोलीस एकमेकांशी भांडतात, दारू पितात, घटस्फोट घेतात, वरून येणाऱ्या राजकीय दडपणाखाली वाकतात. नाती तेथेही आहेत, पण ती संस्थेचे दोष झाकत नाहीत, उघडे करतात. म्हणजे दीर्घ मालिकेत पोलिसाचा काकाच व्हावा असा काही निसर्गनियम नाही.

‘सी. आय. डी.’ २१ डिसेंबर २०२४ ला पुन्हा सुरू झाली. या खेपेस लेखकांनी नेमके नात्यांनाच हात घातला: अभिजित दयावर गोळी झाडतो, भाऊ वैरी होतात. एप्रिल २०२५ मध्ये प्रद्युम्नला मारण्यात आले, लोक हळहळले, संतापले, आणि डिक्सनप्रमाणे तोही पुढे परत आला. वीस वर्षे जपलेली ठेव एकदम खर्चून प्रेक्षक परत मिळविण्याचा हा व्यवहार होता. तो करता आला, यावरूनच त्या ठेवीची किंमत कळते.

पण त्याच डिसेंबरमध्ये आपल्या शेजारी काय घडत होते? १० डिसेंबर २०२४ ला परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या आंदोलनात पोलिसांनी जी धरपकड केली तीत कायद्याचा अभ्यास करणारा एक तरुण होता. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना तो मृत्यू पावला. शवविच्छेदनात अंगावर अनेक जखमा आढळल्या. पुढे जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला या प्रकरणी गुन्हा नोंदविण्याचा आदेश द्यावा लागला. परभणी हे नांदेड पोलीस परिक्षेत्रातले शहर आहे. त्या मृत्यूनंतर सहाच दिवसांनी दया पुन्हा पडद्यावर आला. या दोन घटनांत कार्यकारणभाव आहे असे मी म्हणत नाही. एकाच खोलीत, एकाच आठवड्यात, एकाच माणसाने या दोन्ही गोष्टी पाहिल्या, एवढेच मी म्हणतो. त्याच्या मनात त्या एकमेकींना भेटल्या का? भेटल्या नसतील तर त्यांची भेट घालून देणे हे कोणाचे काम आहे?

ते आपले काम आहे, आणि ते मालिकेवर बंदीची मागणी करून होणार नाही. लोकांच्या आवडीवर नाक मुरडणारा कार्यकर्ता लोकांत फार काळ राहत नाही. मालिका त्यांच्याबरोबर बसून पाहावी. भाग संपल्यावर दोनच प्रश्न विचारावेत. ज्याच्यावर पहिला संशय आला आणि जो निर्दोष निघाला त्याला बसलेल्या थपडेचे काय झाले? आणि आरोपी कबूल झालाच नसता तर पथकाजवळ कोणता पुरावा उरला असता? लोक यांची उत्तरे शोधू लागले की त्यांना कलम २३ पाठ करून घ्यावे लागणार नाही.

विश्वास ही चांगली गोष्ट आहे. तिच्यावाचून समाज चालत नाही. पण सज्जन अधिकाऱ्यावरचा विश्वास त्याच्या बदलीबरोबर जातो. नियमावरचा विश्वास त्याच्या जागी येणाऱ्या दुर्जन अधिकाऱ्यालाही बांधून ठेवतो. आमचा लढा त्या दुसऱ्या विश्वासासाठी आहे. ठाण्यात गेलेल्या शेतमजूर बाईला आत दया भेटेल की अमीन, यावर तिची सुरक्षितता अवलंबून असता कामा नये. दोघांपैकी कोणीही भेटला तरी तिची फिर्याद नोंदविली गेली पाहिजे आणि तिची प्रत तिच्या हातात पडली पाहिजे.